न विचारणारी ओळ

कोड तपासणाऱ्या टूलने एका ओळीखाली लाल रेघ मारली. मांडीवर बाळ झोपलं होतं, म्हणून मी दबक्या आवाजात साहेबांना फोन केला. “आपलं ॲप लॅबचे रिपोर्ट कुलूपबंद मेलने पाठवतं, पण मेल ज्या सर्व्हरच्या हाती देतं, तो लॅबचाच की तोतया, हे विचारतच नाही. मधला कुणीही उघडून वाचेल.” “विचारायला लावलं, तर एकही मेल जाणार नाही,” साहेब म्हणाले. “लॅबच्या सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत केव्हाच संपलीय. नवीन येईपर्यंत हात लावू नकोस.” तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. “ताई, रक्त तपासून आले. सासरी कुणाला कळलं तर माझं काही खरं नाही.” “रिपोर्ट मेलवर घेऊ नकोस, स्वतः जाऊन आण,” मी म्हणाले. “आता कशाला? आत्ताच मेल आला बघ.” ती हसली. “तुमचं ॲप आहे म्हणूनच या लॅबमध्ये गेले ना.”