वरची परीक्षा

“ह्येच्या वर अजून एक परीक्षा हाय, आणि तुम्ही दोघं ती देणार न्हाईसा?” आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला.

प्रसेनजीत आणि श्रुती, त्यांचा मुलगा आणि सून, आदल्याच दिवशी गोव्याहून स्कूबा डायव्हिंगचा कोर्स करून आले होते. पाठीला हवेची टाकी बांधायची, समुद्रात खाली जायचं आणि आठवणीनं वर यायचं, असा तो कोर्स. दोघांना कार्डं मिळाली होती. साठ फुटांपर्यंत जायची मुभा होती. आप्पांनी चष्मा लावून एक कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं आणि विचारलं, “ह्येच्या वर काय असतंय?”

“ॲडव्हान्स्ड. शंभर फूट,” प्रसेनजीत खरं बोलून गेला. तिथंच घोटाळा झाला.

कारण कदमवाडीतल्या त्या घरात परीक्षा अर्धवट सोडायची पद्धत नव्हती. पिराजीआप्पा नेसरीकडच्या एका खेड्यातून, बौद्ध वस्तीतून शिकत शिकत वर आले आणि हेडक्लार्क होऊन रिटायर झाले. चौथीची स्कॉलरशिप दिली की सातवीची द्यायची. टायपिंग तीसचं झालं की चाळीसचं. प्रसेनजीतला चित्रकलेत गती नव्हती, तरी एलिमेंटरी झाल्यावर त्याला इंटरमिजिएटला बसवलं. त्यानं काढलेला तांब्या परीक्षकानं कोंबडा समजून पास केला, असं घरात अजून बोललं जातं. तेही सर्टिफिकेट फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलेलं होतं. त्या भिंतीवर जागा उरली नाही तेव्हा घड्याळ स्वयंपाकघरात गेलं. एमएस-सीआयटी आलं तेव्हा कॅलेंडरही गेलं.

“दिवाळीत जाणारच हाय की परत. तवा देऊन टाका,” आप्पा म्हणाले.

दिवाळीची रजा प्रसेनजीतनं शाहूपुरीतल्या ऑफिसात साहेबाच्या हातापाया पडून मिळवली होती. ती पुन्हा कोर्सात होकायंत्र बघत आणि सरांच्या मागं पोहत घालवायची नव्हती. त्याला आणि श्रुतीला पाण्याखाली निवांत हिंडायचं होतं. लग्नानंतर दोघांना मिळालेली पहिली निवांत रजा होती ती.

“आप्पा, हौसेला जाणाऱ्याला त्याची गरज नाही,” श्रुती म्हणाली.

“कोण म्हणतंय? सरास्नी इचार.”

प्रसेनजीतनं गोव्याच्या सरांना फोन लावला आणि मोबाइल स्पीकरवर ठेवला. सर मुंबईचे होते, आवाजानं पंचविशीतले वाटत होते.

“नुसते मासे बघायचे असतील तर नाही केलं तरी चालेल,” सर म्हणाले. “खोलवर जायचं असेल, बुडालेलं जहाज बघायचं असेल, तर करा. हात बसतो, खाली घाबरायला होत नाही.”

“बघ!” आप्पांनी मांडीवर थाप मारली. “सर, पास व्हायला मार्क किती लागत्यात?”

“मार्क नसतात, काका. सांगितलेलं नीट करून दाखवलं की झालं. नापास सहसा कोणी होत नाही.”

आप्पांचा चेहरा उतरला. नापास होत नाही म्हणजे परीक्षा कसली, हे त्यांना पटेना. पण लगेच ते सावरले. “असू दे. कार्ड तर मिळतंय न्हवं? मग करायचा.”

“आप्पा, मला पाण्यात साहेब व्हायचं नाही,” प्रसेनजीतचा आवाज चढला. “मला नुसतं बघायचंय!”

त्या घरात आजवर कुणी नुसतं काही केलं नव्हतं. शिकलेल्या प्रत्येक गोष्टीची नोकरी झाली होती, नाहीतर बढती. बापाच्या जन्मभराच्या कष्टांवर आपण पाणी ओतलं असं प्रसेनजीतला वाटलं, आणि बोलल्याचा पश्चात्ताप झाला.

आप्पांनी कार्ड पुन्हा हातात घेतलं.

“खाली उजेड असतोय?” त्यांनी विचारलं.

“असतो की.”

“आणि मासं? पळून जात न्हाईत माणसाला बघून?”

“नाही. अगदी हाताजवळनं जातात.”

आप्पांनी मान हलवली. “आमच्या गावात मोठी हीर होती. पोरं उड्या टाकायची. आमास्नी काठावर जायाची बंदी. मी लांब बांधावर बसायचा. धप्प आवाज यायचा, पाणी वर उडाल्यालं दिसायचं. मग एकादं पोरगं वर येऊन वरडायचं, तळ दिसला, तळ दिसला! मला लई वाटायचं, काय असंल तळाला. पर इचारणार कुणाला?”

आपल्या घरात कुणालाच पोहता का येत नाही, असं प्रसेनजीतनं लहानपणी विचारलं होतं. तेव्हा आप्पांनी त्याला पाढे म्हणायला बसवलं होतं. तो स्वतः पोहायला शिकला तो नोकरी लागल्यावर. श्रुतीनं डोळ्यांना पदर लावला.

“दिवाळीत बघून या दोघं,” आप्पा म्हणाले. “नुसतं बघून या.”

मोबाइल अजून टेबलावर चालूच होता. आप्पांनी तो उचलला आणि लांब धरून मोठ्यानं विचारलं, “पावणं, हायसा काय?”

“हो, काका. ऐकतोय.”

“पोरांचं ऱ्हाऊ द्या. माझं वय सदुसष्ट. पवाय येत न्हाय.” आप्पांनी एकवार समोरच्या भरलेल्या भिंतीकडं बघितलं. “ज्येचं सर्टिफिकेट मिळत न्हाय, असला एकादा कोर्स हाय काय तुमच्यात?”