करपा न लागणारं झाड

ऑर्विलने अंगणातल्या पांढऱ्या फुलांच्या डॉगवुडचं खालचं पान उलटं केलं आणि वाकून जवळून पाहिलं. तपकिरी ठिपका, भोवती जांभळी कड. शेजारच्या पानावरही तेच. करपा!

टेनेसीच्या या डोंगरातले डॉगवुड करप्याने कधीच संपवले होते. म्हणून तर त्याच्या बायकोने, डेल्फीने, रोपवाटिकेतून करपा न लागणारं कलम आणलं. तिला कॅन्सरच्या औषधाची पहिली सलाईन लागली त्याच आठवड्यात. "याला काही होत नाही आणि मलाही होणार नाही," असं ती चर्चमध्ये सगळ्यांना ठणकावून सांगायची. आज दहा वाजता शहरातले डॉक्टर तिच्या नव्या तपासणीचा निकाल सांगणार होते.

मग हे झाड आजारी पडलंच कसं? त्याने गुडघे टेकून बुंध्याजवळचं गवत बाजूला सारलं. कलमाच्या गाठीवर करवतीने कापलेलं जुनं टोक होतं. उभं झाड आलं होतं गाठीच्या खालून, ज्यावर कलम बांधतात त्या रानटी खुंटाच्या फुटव्यातून. तीन वर्षांपूर्वी छाटणी त्यानेच केली होती. टवटवीत काठी ठेवली, मरतुकडी कापली. मरतुकडीच कलमाची होती!

तो भराभर ठिपक्यांची पानं ओरबाडून खिशात कोंबू लागला. तिला दिसता कामा नये, आज तर नाहीच.

"अरे, खिशात काय भरतोयस? परवाच धुतलीय ती पँट."

डेल्फी पायरीवर उभी होती, बाहेर जायचा कोट घालून.

"डेल्फी, मी... तुझं झाड मीच मारलं गं. चुकीची काठी कापली."

"मेलेलंच कापलंस तू. तू कापायच्या आधीच मी नखाने साल खरवडून पाहिली होती. आत सगळं वाळलेलं."

"म्हणजे तुला माहीत होतं? मग तीन वर्षं सगळ्यांना सांगत होतीस, याला काही होत नाही, मलाही..."

"सगळ्यांना कुठे? तुझ्यासाठी म्हणायचे मी. ते ऐकलं की तुला झोप लागायची."

ती कठड्याला धरून एक पायरी उतरली आणि थांबली.

"ती पानं जाळून टाक आणि गाडी काढ. आणि हात दे, ऑर्विल. आज मला फार भीती वाटतेय."