फळ्यांखालचा उंदीर

युटाच्या त्या वाळवंटी उद्यानात मार्चमधला बर्फ पहाटे वीतभर पडतो आणि दुपारपर्यंत नाहीसा होतो. त्या सकाळी रेंजर ट्वायलानं आपल्या लाकडी खोलीतून वॉकीटॉकीवर डेलमरला, तिच्या वरिष्ठाला, कळवलं, "हरवलेला म्हातारा इकडे आलेला नाही. दारापुढच्या बर्फावर एक पाऊल नाही. जमिनीच्या फळ्यांखाली उंदीर तेवढा शिरलाय मेला. मी बूट आपटला, तर तोही खालून ठोकतो."

"रानउंदीरच तो. डिवचलं की पाय आपटतात," डेलमर हसला.

अकरापर्यंत ऊन तापलं. भुसभुशीत बर्फ विरघळला, पण पायाखाली दाबला गेलेला बर्फ उशिरा वितळतो. पहाटे बर्फ पडत असतानाच पडलेली आणि नंतरच्या बर्फानं झाकलेली पावलं लाल वाळूवर एकेक करून पांढरी उमटली. अनवाणी पावलं. थंडीनं मरायला टेकलेला माणूस बूट काढून फेकतो आणि मिळेल त्या फटीत शिरतो, हे ट्वायलाच दरवर्षी नव्या रेंजरना शिकवायची. पावलं तिच्या दाराला वळसा घालून जोत्यातल्या फटीपाशी संपली होती. परतीचं एकही नव्हतं.

तिनं डेलमरला कसंबसं सांगितलं आणि आत धावत जाऊन पहारीनं फळ्या उचकटू लागली. खाली सगळं गप्प होतं.

"ट्वायला," डेलमरचा आवाज उतरला होता, "सकाळी तू किती वेळा बूट आपटलास?"

"तीनदा."

"आणि त्यानं?"

"तीनदाच."