अरणीतले बटाटे

आमची लेक सुरुची वारल्यावर आम्ही दोघं पहिल्यांदाच जपानमध्ये, त्सुकुबाला तिच्या घरी आलो. तिनं डेक्लनशी, एका आयरिश माणसाशी लग्न केलं, तेव्हा आमचे हे लग्नाला गेले नव्हते आणि मलाही जाऊ दिलं नव्हतं. आताही त्यांनी जावयाच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

घरामागे वाळक्या गवताचा आणि मातीचा एक ढीग होता. आमच्या पठारावर कोल्ड स्टोरेज येण्याआधी बटाटे असेच गवतामातीखाली झाकून ठेवत. त्याला आम्ही अरण म्हणतो. ह्यांनी ती लांबूनच ओळखली.

“सुरुचीनं रचली,” डेक्लन तिनंच शिकवलेल्या मराठीत म्हणाला. “माझे आजोबापण गावी असंच करायचे. ती म्हणायची, तुम्ही आमच्याकडूनच चोरलंत.”

कुणी हसलं नाही. त्यानं हातानं माती बाजूला केली. आतले बटाटे कोरडे, टणक होते. मला वाटलं होतं, आता तरी रडू येईल. आलं नाही.

“आई, भाजी कराल? मला तिच्यासारखी जमत नाही.”

मी बटाटे टोपलीत भरू लागले, तोच हे म्हणाले, “यातला एकही बटाटा खायचा नाही.”

डेक्लननं मान खाली घातली आणि हातातला बटाटा परत ढिगावर ठेवला.



“बेण्याला ठेवा, जावईबापू,” हे म्हणाले. “लावणीला आम्ही येतो.”