रविवारचा तक्ता

"कामावर तुमच्या हातून घडलेली एखादी चूक सांगा," मुलाखतीच्या टेबलापलीकडून कॉलेजच्या मिसेस रॅटलिफ म्हणाल्या.

ट्विला फ्यूगेटला उत्तर पाठ होतं. तिची मोठी बहीण डेल्सी हिने येताना गाडीत तीनदा घोकून घेतलं होतं. "म्हणायचं, मी कामात इतकी बुडते की स्वतःच्या जेवणाचंही भान राहत नाही. सगळे हेच सांगतात. चूकही झाली आणि कौतुकही झालं." डेल्सी आत्ता खाली गाडीतच बसून होती.

कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगच्या जागा चोवीस. अर्ज एकशे ऐंशी. केंटकीच्या त्या डोंगराळ भागात खाणी बंद पडल्यापासून कायमची म्हणावी अशी दुसरी नोकरी उरली नव्हती. ट्विला बेचाळीस वर्षांची, म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात मदतनीस. हा तिचा तिसरा अर्ज. आधीच्या दोन्ही वेळी ती गुणांतच बाद झाली होती. यंदा शरीररचनेचा विषय पुन्हा देऊन गुण वाढवले, तेव्हा कुठे मुलाखतीचं बोलावणं आलं.

तिने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"मिस्टर कॉडिल म्हणून आमच्याकडे एक आहेत. खाणीत होते. आता अंथरुणाला खिळलेत. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर अंगाला जखमा होतात. बदलली की तक्त्यावर वेळ टाकून सही करायची. गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी मी ती दिवसभरात दोनदाच बदलली."

"आणि तक्त्यावर?"

"तक्त्यावर सगळ्या वेळा भरलेल्या. घरी जाताना एका दमात सह्या ठोकल्या मी."

टेबलापलीकडच्या तिघांपैकी चष्मेवाल्या शिक्षकाने लिहिता हात थांबवला.

"कुणाच्या लक्षात आलं?"

"नाही. मंगळवारी अंघोळ घालताना माकडहाडावर जखम दिसली. नर्सबाईंनी तक्ता पाहिला. म्हणाल्या, कूस तर वेळच्या वेळी बदललीय. म्हातारी कातडी, व्हायचंच. मी म्हटलं, नाही बदलली."

"असं आपणहून सांगितलंत?"

"हो. लेखी ताकीद मिळाली. फाइलला आहे ती."

तिघांतली तिसरी, एक बाई, इस्पितळातून आली होती, अंगावर कामाचेच कपडे. तिने विचारलं, "त्या दिवशी कामावर किती जणी होतात?"

"दोघी. रस्ते बर्फाने बंद होते. सांभाळायला एकतीस म्हातारी माणसं होती."

"मग हे आधी सांगायचं ना!"

"ते कारण झालं, मॅडम," ट्विला म्हणाली. "तुम्ही चूक विचारलीत."

मग मिसेस रॅटलिफनी कागद उलटला. "आता काय करता? माणसं कमी पडली तर?"

"जे झालं नाही त्यावर सही करत नाही. सुपरवायझर ओरडतात."

"मग?"

"ओरडून झालं की मदतीला येतात. कधी कधी."

तिघांनी हात मिळवून तिला निरोप दिला. तिघांचेही चेहरे कोरे होते.

गाडीत बसल्या बसल्या डेल्सीने विचारलं, "काय सांगितलंस?"

"कॉडिलांचं."

डेल्सीने किल्ली लावली, पण फिरवली नाही. "तीन वर्षं तू भांडी घासताना हाडांची नावं पाठ केलीस. आणि ऐन वेळी जाऊन स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास? अगं बये, त्यांनी चूक विचारली म्हणून खरी सांगायची असते होय?"

बोलून गेल्यावर ट्विलाला स्वतःचंच नवल वाटत होतं. डेल्सीही असल्याच एका शुश्रूषागृहात सोळा वर्षं मदतनीस होती. घरापर्यंतच्या वाटेत तिने रेडिओदेखील लावला नाही.

पत्र आलं पाच आठवड्यांनी, शनिवारी. ट्विलाने ते डेल्सीच्या हाती दिलं. डेल्सीने सुरीने पाकीट फोडलं. तिने पत्र मनात वाचलं, मग मोठ्याने वाचलं. ट्विलाची निवड झाली होती. क्रमांक एकविसावा. मुलाखतीत किती गुण मिळाले ते लिहिलं नव्हतं.

डेल्सीने तिला असं घट्ट आवळलं की खुर्ची मागे कलंडली. दोघी रडल्या, हसल्या. डेल्सीने उकडलेल्या चवळ्या गरम केल्या, मक्याचा पाव कापला. दोघी परसदारच्या पायरीवर ताटल्या घेऊन बसल्या. ऑगस्टपासून कॉलेज. कामाचे दिवस कसे बसवायचे, जायला गाडी कुणाची घ्यायची, सगळं बोलून झालं.

मग डेल्सी पावाचा तुकडा ताटलीत नुसताच फिरवत राहिली.

"ट्विला, एक विचारू? त्या म्हाताऱ्याला सांगितलं होतंस का गं? ती जखम तुझ्यामुळे झाली म्हणून?"

"सांगितलं ना. त्याच दिवशी."

"धीर कसा झाला तुला? मला सोळा वर्षांत एकदाही झाला नाही." डेल्सीने मान वर केली नाही. "शिव्या घातल्या असतील त्यांनी."

"नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'बरं. सांगून झालं असेल, तर आता उजवीकडे वळव मला.'"