साडेदहाचा स्लॉट

“आई, जरा लंगड ना,” मिहीर कुजबुजला.

आईने त्याच्याकडे असं पाहिलं, की शाळेत असता तर ग्राउंडला पाच फेऱ्या नक्की होत्या. चौतीस वर्षं नागपूरच्या शाळेत पी.टी. शिकवलेल्या सुलक्षणा मॅडम त्या. आजही पहाटे फुटाळा तलावावर चार किलोमीटर चालल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत. मिहीरने काल जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून आणलेली काठी तिने छत्रीसारखी काखोटीला मारली होती.

“टेकव ती. प्लीज.”

आई एवढ्या लांब पहिल्यांदाच आली, म्हणून एडिनबराची ही ट्रिप मिहीरने लंडनजवळच्या इल्फर्डला आपल्या घरी बसून एक्सेलमध्ये आखली होती. कुठलं म्युझियम किती वाजता, बस कुठली, सँडविच कुठे खायचं, सगळं रंगबिरंगी चौकोनांत. एवढा शहाणा माणूस, पण राजवाड्याची तिकिटं काढायची तेवढी राहिली! परवा ट्रेनमध्ये साइट उघडली तर सगळं सोल्ड आउट. साडेदहाच्या एका स्लॉटमध्ये फक्त दोन जागा दिसत होत्या. चालता न येणाऱ्यासाठी एक आणि त्याच्या सोबत्यासाठी एक. कागद कुणी मागत नव्हतं, नुसती चौकटीत खूण करायची होती. आणि आई तर हास्यक्लबातल्या तमाम बायकांना ‘राणीचा पलंग बघायला चालले’ म्हणून सांगून आली होती. मिहीरने खूण केली.

“मला नाही जमायचं असलं काही,” काल काठी बघून ती म्हणाली होती.

“एअरपोर्टवर बसलीसच ना व्हीलचेअरमध्ये?”

कुठे इंग्रजीत बोलायची पाळी येऊ नये म्हणून निम्म्या आयाबाया तशाच येतात, आणि ती खुर्चीही मिहीरनेच सांगून ठेवली होती. ती गप्प बसली. मिहीरने ते हो म्हणून धरलं.

दारात पांढऱ्या केसांची मोइरा नावाची बाई स्वागताला उभी होती. काठी बघताच तिने लगबगीने व्हीलचेअर आणली, आईला बसवलं, गुडघ्यांवर ब्लँकेट पसरलं. मिहीरला ढकलूसुद्धा दिली नाही. राणीच्या खोलीत तर तिने दोरी काढून आईला थेट पलंगाशी नेलं. बाकीचे लोक मागे उभे राहून टाचा उंचावत होते.

“काय म्हणतेय ती?” आईने विचारलं.

“तिच्या आईला म्हणे खुर्चीत बसायची लाज वाटायची. म्हणून मरेपर्यंत घराबाहेर पडली नाही. तू धीराची आहेस म्हणतेय.”

आईने पलंगाकडे पाहिलंच नाही. ती ब्लँकेटचा एक सुटलेला दोरा ओढत बसली.

तिघं परत हॉलमध्ये आली तेव्हा बाकावर एक म्हातारा बसला होता. पाय सुजून बुटात मावत नव्हते. त्याची बायको काउंटरवर काहीतरी विनवत होती. मिहीरला सगळं ऐकू आलं. खुर्च्या दोनच होत्या, दोन्ही बाहेर दिलेल्या होत्या, आणि या जोडप्याचा साडेदहाचा स्लॉट आता संपत आला होता. म्हाताऱ्याने बायकोला हात हलवून सांगितलं, तू बघून ये, मी बसतो इथे.

“काय झालं गं त्यांना?” असं आईने थेट मोइरालाच मराठीत विचारलं, तशी ती नुसती हसली.

“काही नाही. चल, वरची गॅलरी राहिलीय,” मिहीर घाईने म्हणाला.

पण खुर्चीकडे आशेने बघणारा माणूस ओळखायला इंग्रजी कशाला लागतं? आईने ब्लँकेट काढलं, व्यवस्थित घडी केली आणि उठली. मैदानावर सावधान म्हणताना उभी राहायची तशी ताठ. मग ती खुर्ची स्वतः ढकलत म्हाताऱ्यापाशी घेऊन गेली आणि त्याला दंडाला धरून तिने अलगद बसवलं. काठी खुर्चीलाच लटकलेली होती, ती तिने काढून घेतली. हॉलमध्ये सगळे बघायला लागले. मोइराही बघत राहिली.

“मिहीर, सांग तिला,” आई म्हणाली. आवाज ठणठणीत, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा. “म्हणावं, माझे पाय धडधाकट आहेत. खोटं मी बोलले. माझ्या मुलाला यातलं काही माहीत नव्हतं.”

मोइराने मिहीरकडे पाहिलं. काउंटरवरच्या माणसानेही पाहिलं. तीनच वाक्यं होती. त्यातलं तिसरं तर त्याच्याच सुटकेचं होतं, फक्त चौथं, खोटं माझं होतं हे, त्याने आपलं आपण जोडायचं होतं.

“शी सेज... शी इज फीलिंग मच बेटर नाऊ,” तो म्हणाला.

मोइराचा चेहरा उजळला. तिने टाळीच वाजवली. आईचा हात दोन्ही हातांत घेऊन ती काही काही बोलत राहिली, तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. मिहीरला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमिनीने पोटात घ्यावं.

मोइरा म्हाताऱ्याची खुर्ची घेऊन आत गेली. ‘मच बेटर’ एवढं इंग्रजी आईला कळत होतं. ती मिहीरजवळ आली, त्याचा हात धरला आणि त्यात ती काठी ठेवली.

“धर,” ती म्हणाली. “तुला लागेल.”