चार चांगले शब्द

"ऱ्हाऊ द्या ना पैसं, साहेब. जावयाच्या बदलीचं तेवरं बघा, म्हून जिताडा आनलाय," सारसोळे गावची कोळीण राजाबाई दारात बसून म्हणाली.

"बदली नियमात असेल तर होईल. आणि पैसे घ्यायचे नसतील तर मासळी परत न्या," श्यामसुंदर म्हणाला.

राजाबाईने नाक मुरडत पैसे कनवटीला लावले. तेवढ्यात फोन वाजला. निवड समितीवरचे निवृत्त सचिव कारखानीस दिल्लीहून बोलत होते. श्यामसुंदर घाईघाईने गॅलरीत गेला.

"सचिवपदासाठी दोनच नावं उरलीत. एक तुझं, एक अभिरामचं. तुमची बॅच एकच, म्हणून तुलाच विचारतो. माणूस कसा आहे?"

अभिराम! मसुरीच्या अकादमीपासून हे नाव श्यामसुंदरच्या डोळ्यांत सलत होतं. परीक्षेत श्यामसुंदर पुढे, कामातही तोच पुढे. पण दिल्लीतली मोठी खाती, परदेशवाऱ्या आणि झाडीतला बंगला अभिरामला. याच्या वाट्याला बेलापूरचं ऑफिस आणि नेरुळचा फ्लॅट. आता पुढच्या वर्षी निवृत्ती. सचिव न होता निवृत्त व्हायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून वरणभात खाऊन उठायचं. ते श्यामसुंदरला मुळीच सोसणार नव्हतं.

पण वाईट बोलणारा मत्सरी ठरतो, हे न कळण्याइतका तो दूधखुळा नव्हता. गुळाने मरत असेल तर विष कशाला?

"अभिराम म्हणजे सौजन्याचा पुतळा, सर," तो म्हणाला. "सगळ्यांना सांभाळून घेतो. कोणाला कधी दुखावलं नाही. वरिष्ठांच्या शब्दाबाहेर तर कधीच नाही."

"आणि निर्णयाचं काय?"

"घाई करत नाही, सर. वरून इशारा येईपर्यंत फाईल नीट जपून ठेवतो."

कारखानीस हसले आणि आभार मानून त्यांनी फोन ठेवला. सरकारी बोलीत याचा अर्थ एकच होतो: माणूस बिनकण्याचा आहे. श्यामसुंदर आत आला तो शीळ वाजवत.

"कोणाची खोड मोडलीत?" सुमेधाने विचारलं. नवऱ्याची शीळ तिच्या ओळखीची होती.

"छे गं! अभिरामबद्दल चार चांगले शब्द बोललो."

"तुम्ही? टेन्शनच आलं मला," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात निर्णय झाला. अभिराम सचिव झाला.

श्यामसुंदरचं जेवणावरचं मनच उडालं. दोन दिवस तो सुमेधाशीही धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी खुद्द अभिरामचाच फोन आला.

"श्याम, तुझे उपकार कसे फेडू रे? कारखानीस म्हणाले, तुझ्या शब्दांनीच काम झालं."

"मी आपलं खरं तेच..." श्यामसुंदर चाचरला.

"मलाही तुझ्याबद्दल विचारलं होतं. मीही हात आखडता घेतला नाही. म्हटलं, श्यामइतका ताठ माणूस अख्ख्या दिल्लीत नाही. नियमात बसत नसेल तर सही करणार नाही. समोर मंत्री असोत, नाहीतर आणखी कोणी, तोंडावर नाही म्हणेल!"

आपण याच्या वाटेत काटे पेरले आणि हा आपले गोडवे गात होता. इतकी वर्षं याच्यावर जळण्यात घालवली, याची श्यामसुंदरला मनापासून लाज वाटली.

"अभी, इतकं बोललास माझ्यासाठी?" त्याने विचारलं. "मग तरी मला का नाही रे घेतलं?"

"अरे, मागचे सचिव सारखे 'नाही' म्हणायचे, म्हणूनच मंत्र्यांनी त्यांना हलवलं," अभिराम शांतपणे म्हणाला. "कारखानीसांना आधी तेवढं विचारून घेतलं, आणि मगच तुझं कौतुक केलं."